पॉप्सचा थरथराट आणि मेव्हिसची जागा : नोंदी ४ ते ७

नोंद ४

पेडलमधली टकटक गेली! मागच्या वेळी हे गिटारचा आवाज थरथरवणारं, घरी बनवलेलं पेडल ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) गुणी बाळासारखं चालत होतं आणि डबीत घातल्यावर पाल चुकचुकल्यासारखा आवाज काढायला लागलं होतं. चूक माझीच. एलईडी लुकलुकवणाऱ्या सर्किटची, म्हणजे ऑसिलेटरची, ग्राउंड आणि गिटारच्या सिग्नलची ग्राउंड मी एकाच तारेला लटकवली होती. दोन्ही वेगवेगळ्या नेऊन थेट बॅटरीच्या टोकाला जोडल्या, ऑसिलेटरच्या सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि सामसूम. पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या बाजूला जाऊन पाच एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारे सुटे भाग) आणले होते, त्यातले दोनच कामाचे निघाले. बाकीचे प्रकाश गेल्यावर इतक्या सावकाश भानावर येतात, की हेलकावा जाणवतच नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: मला स्टेपल सिंगर्स या अमेरिकन गॉस्पेल गाणाऱ्या कुटुंबाच्या गिटारचा आवाज घरी काढायचाय. म्हणजे वडील रोबक ऊर्फ पॉप्स स्टेपल्स यांची ती पाण्यावर ऊन हलावं तशी थरथरणारी गिटार. ती वाजवता वाजवता त्यांची मुलगी मेव्हिस हिची सगळी कारकीर्द क्रमाने ऐकायची, असा बेत आहे.

एक जुना घोळ पुन्हा सांगतो, कारण प्रत्येक नवा माणूस त्यात अडकतो. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, व्हायब्रेटो म्हणजे सूर वरखाली होणं. फेंडर कंपनीने नेमकी उलटी नावं दिली. त्यांच्या कित्येक ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) 'व्हायब्रेटो' लिहिलंय तो ट्रेमोलो, आणि गिटारच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हणतात ती सूर हलवते. पॉप्सचा थरथराट ॲम्पमधला, लहानमोठा होणारा.

आता स्वतःलाच एक टपली. साठच्या दशकातल्या फेंडर ॲम्पमध्ये छोटा निऑन दिवा आणि त्याला चिकटून एलडीआर असे. माझं पेडल त्याच जातीचं. पण मला ज्या रेकॉर्डने वेड लावलं ते 'अनक्लाउडी डे' १९५६ चं! तेव्हाचे ट्रेमोलो ॲम्पमधल्या ट्यूबचा बायस (तिचा स्थिर व्होल्टेज) हलवून चालत आणि त्यांचा हेलकावा गोल असे. म्हणजे दोन महिने खपून मी चुकीच्या दशकाचं यंत्र बनवलं. असो. घरमालकाला ट्यूब ॲम्पचा आवाज परवडणार नाही, तेव्हा एलडीआर झिंदाबाद.

नोंद ५

या पंधरवड्यात सोल्डरिंगला सुट्टी, फक्त ऐकणं.

पॉप्सचा जन्म १९१४ चा, मिसिसिपीतला. वाढले डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर, जिथे चार्ली पॅटनसारखा ब्लूजवाला प्रत्यक्ष ऐकायला मिळे. १९३६ च्या सुमारास शिकागोला आले, कत्तलखान्यात आणि पोलाद कारखान्यात राबले. संध्याकाळी एका चर्चच्या चमूत गायचे, पण बाकीचे गडी तालमीला दांड्या मारत. वैतागून घरी आले, मुलांना जमिनीवर गोल बसवलं आणि गिटारवर एकेकाला त्याचा त्याचा सूर काढून दिला: हा तुझा, हा तुझा. १९४८ मध्ये ही मंडळी पहिल्यांदा चर्चमध्ये गायली. मेव्हिस तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची.

सुरुवातीला पुढे गायचा भाऊ पर्व्हिस. त्याचा आवाज फुटला आणि जागा मेव्हिसवर आली. तिला नको होती. तिला खालचे सूर गायला आवडायचे. 'अनक्लाउडी डे'च्या वेळी ती सतरा वर्षांची होती. ते ऐकून लोकांना वाटायचं की कोणी पुरुष किंवा निदान चांगली थोराड बाई गात असेल. मंचावर येई ती शाळकरी पोर. मी हेडफोन लावून ती खालची ओळ पंचवीसेक वेळा ऐकली असेल. मुलगी घोगऱ्या आवाजात जोर लावतेय असं कुठेच वाटत नाही. ती खाली उतरते आणि तिथे आरामात बसते.

आणि गिटार? गिटार जवळजवळ काहीच करत नाही. दोन सूर, मग नुसता थरथरत विरत जाणारा शेवट. आपल्याकडे गाणाऱ्याने 'जागा घेतली' म्हणतात ना, तशी जागा इथे बाप आधी मोकळी करून ठेवतो आणि मुलगी ती घेते. मी मात्र याआधी तीन आठवडे ती जागा बोटांनी भरत होतो. पेडल फुकट दाखवायला बनवलं नाही, असा बाणा! आता सेकंदाला पाचेक हेलकावे, डेप्थ (हेलकाव्याची खोली) अर्ध्याच्या थोडी पुढे, आणि उजव्या हाताला सक्तीची विश्रांती.

नोंद ६

महिनाभर एकच गाणं: 'आय'ल टेक यू देअर'. त्यात फक्त सी आणि एफ. मला वाटलं, दोन कॉर्ड, रविवार दुपारपर्यंत उरकेल. चार रविवार गेले.

आधी पार्श्वभूमी. पॉप्स एकदा माँटगोमरीत मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकून आले आणि त्यांनी मुलांना सांगितलं की हा माणूस जे सांगतोय ते आपण गाऊ शकतो. तिथून नागरी हक्कांची गाणी सुरू झाली. नागरी हक्कांसाठीच्या सेल्मा ते माँटगोमरी मोर्चानंतर १९६५ मध्ये 'फ्रीडम हायवे' शिकागोच्या एका चर्चमध्येच ध्वनिमुद्रित झालं. १९६८ मध्ये मंडळी मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत आली आणि कंपनीचा ॲल बेल त्यांना अलाबामातल्या मसल शोल्सच्या वादकांकडे घेऊन गेला. १९७२ च्या जूनमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

चर्चवाल्यांनी तेव्हा नाकं मुरडली: हे सैतानाचं संगीत, पोरं बिघडली. मला हा आरोप कधीच पटला नाही. त्या गाण्यात रडणारं कोणी नसेल अशा एका ठिकाणी घेऊन जायचं वचन आहे. दुसरं काय असतं चर्चमध्ये? बदलला तो खालचा ताल. सुरुवातीचा बेस तर जमैकाच्या हॅरी जे ऑलस्टार्सच्या 'लिक्विडेटर'वरून उचललेला आहे. कडवं म्हणावं असं एकच, तेही आखूड. बाकी सगळं हाक आणि प्रतिसाद. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात बुवा अर्धी ओळ सोडून देतात आणि झील धरणारे ती उचलतात, त्या जातीचं.

मेव्हिस वादकांना नावं घेऊन पुढे बोलावते: पियानोवर बॅरी बेकेट, बेसवर डेव्हिड हूड. गिटारच्या तुकड्याला ती 'डॅडी' अशी साद घालते, म्हणून मी तो तुकडा पॉप्सचा समजून बसवला. आणि नंतर कळलं, वाजवलाय एडी हिंटन नावाच्या गिटारवाल्याने! पॉप्सची छाया त्यात आहे, बोटं दुसऱ्याची.

अडचण कुठे होती? सीवरून एफवर मी वेळेच्या आधी जात होतो. दोनच कॉर्ड असले की हात कंटाळतो आणि घाई करतो. शेवटी कॉर्ड बदलण्याआधी मेव्हिसची हुंकारवजा ओळ स्वतः तोंडाने म्हणायला लागलो. बायको म्हणाली, "पोट दुखतंय का?" पण जमलं.

या काळातला माझा आवडता किस्सा १९७५ चा. गायक-गीतकार कर्टिस मेफिल्डने 'लेट्स डू इट अगेन' लिहिलं. शृंगारिक ओळी बघून पॉप्सनी हात वर केले: मी चर्चचा माणूस, मी हे गाणार नाही. बरीच मनधरणी झाली, गायले, आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं.

ऐंशी-नव्वदची दशकं मी भरभर ऐकली. प्रिन्सने मेव्हिसचे दोन अल्बम काढले, १९८९ आणि १९९३ चे. चांगले आहेत, पण त्यात गिटारला श्वास नाही आणि माझ्या पेडलला काम नाही.

नोंद ७

१९ डिसेंबर २००० ला पॉप्स गेले. मेव्हिसला गावं कसं तेच सुचेना; बहीण इव्हॉनने तिला पुन्हा उभं केलं. २००८ चा शिकागोच्या हाइडआउट क्लबमधला लाइव्ह अल्बम ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न ठेवून आधी तो ऐका. रिक होल्मस्ट्रॉमची गिटार, बेस, ड्रम, बस्स. ट्रेमोलो कधी लावायचा आणि कधी बंद ठेवायचा, याचा तो धडाच आहे. मग २०१० मध्ये विल्को बँडच्या जेफ ट्वीडीबरोबरचा 'यू आर नॉट अलोन' आणि त्यासाठी एकाहत्तराव्या वर्षी पहिली ग्रॅमी.

पॉप्सनी शेवटच्या दिवसांत काही गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती आणि मेव्हिसला बजावलं होतं, हे हरवू देऊ नकोस. ट्वीडीने ती पुरी केली आणि २०१५ मध्ये त्याच शब्दांच्या नावाने, 'डोन्ट लूज धिस', अल्बम आला. काल रात्री पेडल लावून त्याच्याबरोबर वाजवायला बसलो. दुसऱ्या गाण्याला पेडल बंद केलं आणि नुसता ऐकत राहिलो.

बाकी कामं: स्पीडचा पॉट (वेग बदलायचं फिरतं बटण) लॉगचा लावलाय, तो उलट्या लॉगचा हवा, आत्ता सगळा वेग शेवटच्या पाव फेऱ्यात गोळा होतो. डबीचं झाकण रंगवायचंय. आणि कोणाकडे पन्नासच्या दशकातला, बायस हलवणारा ट्रेमोलो असलेला ॲम्प धूळ खात पडला असेल, तर एक दुपार माझी गिटार घेऊन येतो. चहा मी करीन.