थायरॉईडची गोळी

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

आडवी पडले की छातीत धडधडतं, उठून बसले की जरा कमी होतं. म्हणून बसलेच आहे. हे आणि बाळ दोघेही गाढ झोपलेत. पाऊस थांबून थांबून पडतोय.

दुपारी गोळ्या मोजल्या. 16 ऑगस्टला तीस आणल्या होत्या. रोज रात्री जेवणानंतर एक, दहा मिलिग्रॅमची एस्सिटालोप्राम, चिंता-नैराश्यावरची. कालच्या रात्रीपर्यंत बावीस संपून आठ उरायला हव्या होत्या. निघाल्या अकरा. दहा स्ट्रिपमध्ये आणि एक सुटी, पर्सच्या अगदी तळाशी, कदंब बसच्या तिकिटात गुंडाळलेली. कडा झिजून तिची पांढरी भुकटी तिकिटाला लागली होती.

ती सुटी गोळी पाहिली आणि रडूच आलं. माहीत नव्हतं असं नाही. तीन रात्री चुकल्या हे मला पक्कं माहीत होतं. मोजेपर्यंत फक्त ते म्हणायचं नव्हतं.

गणेश चवथीची दुसरी रात्र. गावच्या घरात चौदा माणसं, स्वयंपाकघरात अजून हळदीच्या पानांचा वास. सगळे बाहेर आरतीच्या तयारीत असताना मी पेल्यात पाणी घेतलं, गोळी काढली, तेवढ्यात मागून वहिनी.

"कसली गो गोळी?"

"थायरॉईडची."

"ती सकाळी घेतात मगे? उपाशीपोटी?"

तिची स्वतःची नऊ वर्षं चालू आहे. मला ते माहीत होतं, तरी तोंडातून तेच आलं. "मला रात्रीची सांगितलीय," म्हणाले. "असेल," म्हणाली आणि आदोळीवर नारळ खवायला बसली. पुढे एक शब्द नाही. मी पाणी प्याले. गोळी मुठीतच राहिली. त्यानंतरच्या दोन रात्री तर पर्स उघडलीसुद्धा नाही.

थायरॉईड का म्हणाले? इतकी नावं असताना तेच? ॲसिडिटी म्हणता आलं असतं, कॅल्शियम म्हणता आलं असतं. आठ दिवस हेच डोक्यात आहे. वहिनी काय समजली असेल, याचा विचार करता करता पहाटेचे चार वाजतात. ती खोदून विचारणारी नाही, कधीच नव्हती. पण "असेल" म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. ही गोळी साधारण तीस तासांत शरीरात निम्मी होते, म्हणून रोज घ्यायची, म्हणजे पातळी एकसारखी राहते. तीन रात्री सोडल्या की दोन गोळ्यांमध्ये चार दिवसांचं अंतर पडतं, आणि उरतो जेमतेम दहावा हिस्सा. गोळी परत सुरू केली तरी पातळी पहिल्यासारखी व्हायला आठवडा जातो. तो कागद अजून फाइलमध्ये आहे. सगळं समजून उमजून मी हे केलं.

गुरुवारी म्हापशाहून शटलने जाताना मांडवीच्या पुलावर चक्क डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. मान वळवली की परत. हात गार पडले. 1986 च्या जुलैत पूल कोसळला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतरच्या फेरीबोटीच्या रांगा, बाबांच्या हाताला धरून उभं राहणं, सगळं आठवतं. एरवी त्या पुलावरून जाताना माझ्या मनातही येत नाही. गुरुवारी खालचं पाणी सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. शेजारच्या मुलीने खिडकी उघडून दिली. तिला नीट धन्यवादही म्हणता आले नाहीत.

पर्समध्ये क्लोनाझेपाम होती, घबराट शमवणारी छोटी गोळी, पाव मिलिग्रॅमची, अगदीच लागली तर घ्यायला दिलेली. चारच उरल्यात. अपॉइंटमेंट 24 ची, आणि फार्मसीवाला चिठ्ठीशिवाय देत नाही. बरोबरच आहे त्याचं, तिची सवय लागते. पण चारच आहेत म्हटल्यावर मी तिला हातच लावत नाही. याहून वाईट दिवस आला तर, म्हणून ठेवते. गुरुवारी ठेवली, शुक्रवारी ठेवली. बसमध्ये नुसती स्ट्रिप चाचपत बसते.

शुक्रवारी क्लिनिकला फोन केला, डॉक्टर परगावी. रात्री 14416 लावला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर ओपीडीच्या भिंतीवर होता, तेव्हाच फोनमध्ये घालून ठेवला होता. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाई न करता. श्वास मोजायला लावले, पाय जमिनीला टेकवून बसा म्हणाली. बरंही वाटलं. मग विचारलं, "औषध मध्ये चुकलं का?" आणि मी म्हणाले, नाही.

तिला काय पडलं होतं? तिने माझं तोंड पाहिलेलं नाही, जन्मात भेटायची नाही. तिच्याशीही खोटं.

दादा बीपीची गोळी ताटाशेजारी ठेवतो. "पाणी हाड गो" म्हणून सगळ्यांदेखत मागतो, कोणी वर बघतही नाही. मला तसं कधी करता येणार नाही, मी जन्मभर अशीच मोरीत नाहीतर फ्रिजच्या दाराआड गोळ्या घेत राहणार, असं दुपारी वाटलं आणि मग तासभर तेच. आईचं आजारपणही आठवलं. ते नको आता.

चार वाजता डॉक्टरांना मेसेज केला. अकरा गोळ्या, तीन रात्री, सगळं खरं लिहिलं. कारण नाही लिहिलं. सहा वाजता उत्तर आलं. चुकलेल्या भरून काढायच्या नाहीत, एकदम दोन घ्यायच्या नाहीत, डोस तोच, वेळ तीच. आठवड्याभरात कमी होईल. छोटी लागली तर घ्या, ती त्यासाठीच दिली आहे. आठवड्यात दोनदा लागली तर कळवा, 24 ची वाट बघू नका.

ती त्यासाठीच दिली आहे. हे वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं.

आज साडेनऊला जेवणाच्या टेबलावर बसूनच गोळी घेतली. स्ट्रिपमधली, ती झिजलेली टाकून दिली. बाळ मोबाइलमध्ये, ह्यांना तर माहीतच आहे. कोणाचं लक्षही नव्हतं. मघाशी अकराला छोटीही घेतली. तीन उरल्या. लिहायला बसले तेव्हा अक्षर वाकडं होतं, आता सरळ येतंय.

दसऱ्याला गावी जायचंय, एक रात्र राहायचंय. वहिनी रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात असतेच. तिथेच पेला घेऊन बसेन. ती विचारणार नाही, मला माहीत आहे. मलाच म्हणावं लागेल, वहिनी, ती थायरॉईडची नव्हती.