तुम्ही विचारलंत म्हणून: पिंडीला लिंग का म्हणतात?

साताऱ्यात मी बरीच वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. 'लिंग ओळखा' असं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. तीच मुलं आता संसाराला लागलीत आणि मंडईत गाठून हळूच विचारतात, "बाई, शिवलिंग म्हणजे खरंच ते का हो?" भाजी घेता घेता सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहिते.

लिंग म्हणजे मुळात खूण. आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत कोशातही पहिला अर्थ हाच दिलाय. उन्हाळ्यात अजिंक्यताऱ्यावर गवत पेटतं. खालून जाळ दिसत नाही, नुसता धूर दिसतो, आणि आपण म्हणतो, वणवा लागला. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तो धूर आगीचं लिंग. त्याच शास्त्राच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात तर अनुमानालाच 'लिंगपरामर्श', म्हणजे खुणेचा विचार, म्हटलंय. श्वेताश्वतर उपनिषद परमेश्वराविषयी सांगतं, 'नैव च तस्य लिङ्गम्'. त्याला ओळखावं अशी खूणच नाही. व्याकरणातही तेच. ती खुर्ची, ते टेबल. जीव दोन्हींत नाही, पण खूण वेगळी.

बाई-पुरुष ओळखायची खूण म्हणून हा शब्द अवयवालाही लागला. इथे मला लपवाछपवी पटत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात शिवाच्या लिंगपूजेचं वर्णन येतं ते या अर्थासकट, आणि आंध्रातल्या गुडीमल्लमचं प्राचीन लिंग पाहिलं की शंका उरत नाही. अवयवाशी काही संबंधच नाही म्हणणारे चुकतात, तेवढाच अर्थ आहे म्हणणारेही चुकतात. इंग्रजीतला 'फॅलिक' शब्द म्हणूनच पिंडीला पुरत नाही. तो ग्रीक 'फॅलॉस'वरून आला. डायोनिसस या ग्रीक देवाच्या उत्सवात ज्याची प्रतिकृती मिरवत नेत, तो अवयव, एवढाच त्याचा अर्थ. खुणेचा अर्थ त्या शब्दाच्या पोटात नाही.

देगावजवळच्या डोंगरावर पाटेश्वरला एकदा जाऊन या. तिथे पिंड्याच पिंड्या आहेत, काही मोठ्या, काही एकाच दगडात ओळीनं कोरलेल्या अगदी बारीक. एका श्रावणात माझ्या शेजारी एक आजी तांब्यात बोट बुडवून एकेका पिंडीवर थेंब सोडत होत्या. मध्येच ओळ चुकली, तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. त्यांच्या तोंडी लिंग शब्द नव्हता. पिंड म्हणायच्या, आणि पाणी वाहून जातं त्या भागाला शाळुंका. आपल्या घरांतही हेच बोलतात.

सांगलीची माझी एक मैत्रीण लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करते आणि 'लिंग' हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा मोठ्यानं उच्चारते. मी तो तसा म्हणायला तिच्याकडून शिकले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खुसखुस झाली की मी खडू खाली ठेवायचे, मुलांना खिडकीतून अजिंक्यतारा दाखवायचे आणि आधी धुराबद्दल विचारायचे.