तुम्ही विचारलंत म्हणून: सासऱ्यांना मामंजी का?

ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारची बाई विचारते, "काय शिकवता?" मी म्हणते, समाजशास्त्र. "म्हणजे समाजसेवा?" नाही हो, ती वेगळी. मग हमखास येणारा प्रश्न: "समाज तर आम्ही रोजच बघतो, त्याचं शास्त्र कशाला?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. रोज बघतो म्हणूनच तर काही गोष्टी दिसेनाशा होतात.

आपल्याकडे कितीतरी घरांत सून सासऱ्यांना मामंजी म्हणते, सासूला आत्याबाई. सासू आत्या कशी? तर मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे जुनी रीत. तसं लग्न झालं की मुलीची सासू तिच्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणजे आत्याच. आणि आत्याचा नवरा तो मामा. लग्नं नात्याबाहेर व्हायला लागली, हाक मात्र राहिली. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी मामाची मुलगी बहीणच मानतात. हे असं कुठे, कुणात, कसं, याचा भारतभराचा पट मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 साली पुस्तकात मांडला.

तर मी मुलांना हेच काम दिलं: सुना सासू-सासऱ्यांना काय म्हणतात, विचारून या. कोपरखैरणेत माथाडी कामगारांची पुष्कळ घरं आहेत, सातारा-सांगलीकडची. एका मुलीच्या घरात आजी मामंजी म्हणायची, आई मामा म्हणते आणि वहिनी पप्पा. वर्गाने लगेच निकाल लावला, सुना आता लेकी झाल्या.

मी विचारलं, वहिनीशी बोललात तेव्हा सासू कुठे होती? समोरच बसली होती.

मुली पुन्हा गेल्या. या खेपेस भाजी आणायला निघालेल्या सुनेबरोबर चालत चालत बोलल्या. हाक 'मम्मी'च होती, पण माहेरी किती दिवस जायचं हे अजून त्या मम्मीच ठरवत होत्या. शब्द बदलला होता, अधिकार जागच्या जागी. एका घरात असं असेल तर तो त्या सासूचा स्वभाव म्हणता येईल. दहा घरांत तेच ऐकू आलं, तर स्वभावाच्या पलीकडे काहीतरी आहे, आणि ते शोधणं हे आमचं काम. त्यासाठी कुणाला विचारलं, कुणासमोर विचारलं आणि कोण सुटलं, याचा चोख हिशेब ठेवावा लागतो.

कोण सुटलं, हे शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या लक्षात आलं. "मॅडम, जावई काय म्हणतात, ते आपण एकालाही विचारलं नाही."