तुम्ही विचारलंत म्हणून: तो बारका पोऱ्या टीममध्ये का आहे

"काबरं भो, त्या बारक्याले टीममधे कायले ठेवलं?" हे मला ग्राउंडवर विचारून झालं, टपरीवर विचारून झालं, परवा एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत शेजारच्या पानावरून विचारून झालं. विचारणारे सगळे मॅच बघायला येतात, पोरांना ओळखतात, म्हणून कोण बारका, कुठला क्लब हे सांगत बसत नाही. मी कोच असलेल्या बास्केटबॉल टीमचा दुसरा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर नेऊन खेळ लावणारा गडी. सगळ्यात आधी ग्राउंडवर येतो, सगळ्यात शेवटी जातो आणि मॅच संपल्यावर त्याच्या नावापुढे बऱ्याचदा एकही पॉइंट नसतो. आणि प्रश्नाचं शेपूट मला पाठ झालंय, कोणी तोंडावर बोलतं, कोणी नुसतं हसतं: तू पण तसाच होतास ना, म्हणून ठेवतोस.

आधी सोप्पं सांगतो. आमचा पहिला पॉइंट गार्ड चांगला आहे, त्यावर वादच नाही, बॉल त्याच्या हातात शोभतो. पण मॅच 40 मिनिटांची असते आणि आपण भुसावळात राहतो, एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी सातला सुद्धा सिमेंटचं कोर्ट बुटाच्या तळव्यातून भाजतं, तिथे कोणीही 40 मिनिटं पळू शकत नाही. त्यात पाच फाउल झाले की माणूस बाहेर. म्हणजे आठ-दहा मिनिटं दुसऱ्या कोणीतरी बॉल वर न्यायचाच आहे, 8 सेकंदांत हाफ लाइन ओलांडायचीच आहे, समोरून दोघं अंगावर आले तरी. त्या आठ-दहा मिनिटांत त्याने मॅच जिंकून द्यावी असं माझं म्हणणंच नाही. चार पॉइंटने मागे असताना आत गेला आणि चारनेच मागे असताना बाहेर आला तर मी खूश. स्कोअरशीटवर हे कुठेच दिसत नाही, तिथे फक्त दिसतं की गडी आत येऊन गेला आणि काहीच केलं नाही.

दुसरं, प्रॅक्टिस. रोज हा पोऱ्या आमच्या पहिल्या गार्डला अख्ख्या 28 मीटरवर चिकटतो, बेसलाइनपासून, श्वास घेऊ देत नाही, तो चिडतो, शिव्या देतो, एकदा तर हातापायीवर आलं. आता मॅचमध्ये समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर असेच अंगावर आले, की आमचा गार्ड शांतपणे बॉल काढतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. त्या टाळ्यांमधला निम्मा हिस्सा कोणाचा, ते मला एकदा सांगा.

आता तुमची बाजू पण मीच सांगतो, कारण तुम्ही ती नीट मांडत नाही. तुम्ही म्हणता तो पॉइंट करत नाही. अडचण ती नाहीच. अडचण ही आहे की तो शॉट मारणार नाही हे समोरच्यालाही माहीत असतं, म्हणून त्याचा डिफेंडर तीन पावलं मागे सरकून आमच्या उंच पोराच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो, आणि मग आम्ही चार विरुद्ध पाच खेळत असतो. डाव्या हाताचा लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट, अजून त्याला येत नाही. शॉट सुधारायला मी काय काय करून बघितलं. थोडा फरक पडलाय. फार नाही. असं असताना ठेवतो, हे खरंय.

आणि मी तसाच होतो म्हणून ठेवतो का? नाही. म्हणजे, फक्त त्यासाठी नाही. हे एकदा सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे पंगतीतला विषय तरी संपेल.

कॉलेजचं शेवटचं वर्ष, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल, धुळ्याला. जळगाव, एरंडोल, पारोळा करत एसटीने गेलो होतो. मी अर्थातच बेंचवर. आमचा पहिला गार्ड म्हणजे कॉलेजचा हिरो, आणि खरं सांगायचं तर होताच तसा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला चौथा फाउल लागला, चार्जिंगचा, म्हणजे बॉल घेऊन डिफेंडरवर आदळल्याचा, आणि आम्ही नऊने मागे. सरांनी बेंचकडे बघितलं, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मी मधे बसलो होतो. मग म्हणाले, जा.

समोरच्यांनी ओळखलं की नवीन गडी आलाय, लगेच ट्रॅप. हाफ लाइन ओलांडली की साइडलाइनच्या कोपऱ्यात दोघं येऊन गाठायचे, मागे जायची सोय नाही कारण बॅककोर्ट होतो, म्हणजे बॉल परत आपल्या अर्ध्यात नेला की तो समोरच्यांना, आणि बाजूला रेषा. पहिल्यांदा बॉल गेलाच. दुसऱ्यांदा मी आमच्या फॉरवर्डला ओरडून मधे बोलावलं, दोघं अंगावर येण्याच्या आधीच बॉल त्याला दिला आणि त्यांच्या मागून पळत जाऊन परत घेतला. एवढंच. यात काही कला नाही, पण रोज पहिल्या गार्डसमोर उभा राहून मला दोन माणसं कधी येतात ते कळायला लागलं होतं. तीन-चार वेळा असं झाल्यावर त्यांनी ट्रॅप सोडला. मग मी त्यांच्या गार्डला धरलं, पूर्ण कोर्ट. तो डावीकडे जाऊच शकत नव्हता, मला पहिल्या क्वार्टरपासून दिसत होतं, बेंचवर बसून दुसरं काम काय असतं. एकदा तो वळला, परत वळला, आणि रेफ्रीची शिट्टी वाजली, त्याने दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवली. 8 सेकंद. बॉल आमचा. ती आठ बोटं मला आजही दिसतात, बाकी मॅचमधलं बरंच पुसलं गेलंय.

चौथ्या क्वार्टरमध्ये तीनेक मिनिटं उरली असताना आम्ही एकने पुढे होतो. मी एकही बास्केट मारली नव्हती. टेबलवरून हॉर्न वाजला, मी बघितलं तर आमचा तो पहिला गार्ड टेबलाशी उभा, शर्ट खोचतोय. मला वाटलं थकलेल्या फॉरवर्डला काढतायत. माझ्याकडे बोट होतं.

हातावर टाळी देऊन तो आत गेला. चार फाउल असताना. पुढे काय झालं ते तुमच्यातल्या जुन्यांना माहीत आहे, बॉल घेऊन थेट बास्केटकडे घुसत दोन ड्राइव्ह, दोन फ्री थ्रो, आम्ही चारने जिंकलो. सगळे नाचले, मी पण नाचलो, परतताना पारोळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी झाली आणि सरांनी जाता जाता पाठीवर हात मारून "छान खेळलास रे" म्हटलं. घरी आईने विचारलं, किती गोल केले. मी म्हटलं, एकपण नाही. ती म्हणाली, "मंग खेयला काय तू?"

त्यानंतर स्कोअरशीट बघायला मिळाली. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, त्यावर सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल काढतात, नंतर आत गेलेल्याची नुसती फुली. माझी नुसती फुली, पुढे दोन फाउल, आणि मग रिकामी ओळ.

पुढे काही वर्षांनी सर भेटले. मॅच त्यांना बारीकसारीक आठवत होती, ते दोन ड्राइव्ह त्यांनी हाताने करून दाखवले, पण मधल्या वेळात आत कोण होतं ते त्यांना आठवेना. मी सांगितलं नाही.

यावर माझं स्वतःशीच भांडण आहे. विशीतला मी सगळ्यांना सांगत फिरायचो की मेहनत-बिहनत सगळी समजूत काढायची भाषा आहे, शेवटची तीन मिनिटं जो आत असतो तोच खेळाडू, बाकीचे पाण्याच्या बाटल्या उचलणारे. आत्ताचा मी त्याला म्हणतो, अरे पण नऊने मागे असलेली मॅच तिथपर्यंत आणली कोणी? तो म्हणतो, आणली ना, मग पुढे का नाही नेऊ दिली? यावर मी सरांची बाजू घ्यायला जातो, जिंकलो ना शेवटी, आणि तो म्हणतो, माझ्यासोबतपण जिंकलो असतो. असेलही. नसेलही. ती मॅच परत खेळता येत नाही.

आमचे मामा रेल्वेत होते, ते म्हणायचे तू बँकर आहेस, कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून लावतात ते इंजिन. मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. मला कधीच बरं वाटलं नाही, इंजिनाला इगतपुरीला सोडून दिल्याचं काही वाटत नसतं.

टीव्हीवरचं उदाहरण तुम्हाला लागतंच, तर घ्या. टी. जे. मॅककॉनेल, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या इंडियाना पेसर्स टीमचा गार्ड, 6 फूट 1 इंच. 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात तिथे, 60 जण निवडले, 52 वं नाव आपल्या सतनाम सिंगचं, पहिला भारतीय, तेव्हा आपण केवढे खूश झालो होतो. मॅककॉनेलचं नाव त्या साठात कुठेच नव्हतं. सतनामला एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही, आणि हा दहा वर्षांनी फायनल खेळत होता, बेंचवरून. 2025 च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये 10 पॉइंट, 5 असिस्ट (ज्या पासवर बास्केट झाली ते), 5 स्टील (समोरच्याकडून पळवलेले बॉल). त्यातले काही स्टील तर असे की बास्केट झाल्यावर समोरचे आळसावून बॉल आत टाकतायत आणि हा उंदरासारखा बेसलाइनवरून येऊन पळवतोय. इंडियाना 116-107 ने जिंकली. मी आमच्या पोराला ते दाखवलं, तेवढं एक त्याने लगेच उचललं.

पण फायनलची सातवी, निकालाची मॅच पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी लबाड. आपल्याकडे 23 जूनच्या पहाटे साडेपाचला लागली होती, मी ग्राउंडवर जाण्याआधी मोबाईलवर बघत होतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा अकिलीस, टाचेमागचा स्नायूबंध, तुटला, इंडियानाचा मुख्य गार्ड गेला. हाफटाइमला तरी इंडियाना 48-47 पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मॅककॉनेलने एकट्याने 12 पॉइंट केले, जीव तोडून. आणि तो क्वार्टर समोरच्या ओक्लाहोमाने 34-20 ने घेतला, मॅच 103-91 ने गेली. आता यातून काय काढायचं? तो नसता तर त्या क्वार्टरमध्ये याहून वाईट झालं असतं, हे मी म्हणेन. बदली गडी तो बदलीच, शेवटी खरा गार्ड लागतोच, हे तुम्ही म्हणाल. दोन्हीला तेच आकडे पुरतात.

हल्लीच्याच मॅचचं राहिलं. तिसऱ्या क्वार्टरला पोऱ्या आत गेला तेव्हा आम्ही सहाने मागे होतो, त्याने बरोबरीत आणलं, एकही शॉट न मारता. आणि तीन मिनिटं उरली असताना मी त्याला काढला. हो, मी. कारण समोरच्यांनी त्याला मोकळा सोडून आमच्या उंच पोरावर दोघं लावले होते आणि मला शॉट मारणारा हात पाहिजे होता. आम्ही दोनने हरलो. उंच पोराचे वडील मॅच संपल्यावर माझ्याकडे आले, म्हणाले त्या बारक्याला तेवढा वेळ तरी कशाला ठेवला. बारका काही बोलला नाही, बॉल गोळा करत होता. मी त्याला जाऊन सगळं सांगितलं, का काढलं, शॉट का लागत होता, डिफेंडर कुठे उभा होता. त्याला पटलं का ते माहीत नाही. उद्या तशीच वेळ आली तर ठेवीन की काढीन, हे पण माहीत नाही, समोर कोण आहे आणि त्या दिवशी त्याचा हात कसा चाललाय त्यावर जाईल.

तेव्हा कृपा करून एवढं करा. रविवारी सकाळी सातला मॅच आहे. दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं बॉलकडे बघू नका, बॉल ज्याच्या हातात नाही त्या बारक्याकडे बघा, तो कोणाला कुठे उभा राहायला सांगतो, कोणाच्या मागून येतो. मग वाद घालायला या, चहा तुमच्याकडून. त्याने किती पॉइंट केले ते मात्र मला विचारू नका, स्कोअरशीट टेबलवरच असते.