रात्रीच्या ताब्याची गोळी

परीक्षा जवळ आल्या की विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात चक्कर, पित्त, झोप न लागणं या तक्रारी वाढतात. डॉक्टरांनी त्या दिवशी माझ्याकडे, म्हणजे आहारतज्ज्ञाकडे, पाठवलेल्या मुलीचं वजन उंचीच्या मानाने ठीक होतं. "मॅडम, रात्री खाण्यावर ताबाच राहत नाही. काही गोळी आहे का?"

वजनाचा विषय न काढता आदल्या दिवसाचा हिशेब विचारला, वेळेसकट. सकाळी काळी कॉफी, दुपारी एक सफरचंद, संध्याकाळी तासभर जिम. रात्री 11 नंतर पुस्तक उघडं ठेवून बिस्किटांचा अख्खा पुडा, मग हाताला लागेल ते, उभ्याउभ्याच. पश्चात्ताप म्हणून दुसऱ्या दिवशी नाश्ता बंद.

ताण रात्रीचा, पण खड्डा दिवसभर खणलेला. ऐन ताणात भूक मरते, त्यात कॉफी ती आणखी दाबते. ताण लांबला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे गोड-तेलकट हवंसं वाटतं. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांना बारीक व्हायची हौस नव्हती, तरी डोक्यात सतत अन्नच. निर्बंध उठल्यावर काहींचं पोट भरूनही मन भरेना. इच्छाशक्तीला दोष देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

खाण्याचा विकार आहे का याचा प्राथमिक अंदाज घेणाऱ्या 'स्कॉफ' चाचणीत पाच प्रश्न असतात. दोन 'हो' आले की सखोल तपासणी. तिचे तीन आले. उलटी काढतेस का, रेचक घेतेस का, हेही थेट विचारलं: नाही. तरीही डॉक्टरांकडून आडवं झोपून आणि उभं राहून नाडी-रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करून घेतला. वजन ठीक म्हणजे सगळं ठीक, हा समज घातक आहे. समुपदेशकाची वेळही त्याच दिवशी ठरवली.

बहुतेक जण आधी रात्रीचं खाणं तोडायला जातात आणि तिथेच फसतात. आम्ही सुरुवात सकाळपासून केली: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. रात्री खाणं झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. वहीत वेळ, जागा, मनःस्थिती लिहायची, कॅलरी नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच, आमच्याकडे.

"पण मी जाड होईन ना?"

"सुरुवातीला पोट फुगेल. कमी खाऊन जठर मंदावलेलं असतं, ती चरबी नव्हे." हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी कमरेची पँट घट्ट वाटते आणि वही बंद होते.