होडीचा निळा

जीपच्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे नट दोन दिवस सुटेनात. पान्याला चार फुटी पाइप अडकवला, पाइपावर उभी राहिले, उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक स्टड कट्‌कन तुटला आणि मी पडवीत जाऊन बसले. शेजारचे अण्णा कुंपणापलीकडून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. बघत होते म्हणजे दोन्ही दिवस बघत होते. आता म्हणाले, "अगो, डाव्या बाजूक आटे उलटे असतत. तू दोन दीस ते आवळतंस."

जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट सगळ्या जगाच्या उलट फिरवायचे असतात. गाडी पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने ते ढिले पडू नयेत, म्हणून ही योजना. हे दोन दिवस आधी का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, "माका वाटला, ठाऊक आसतला." मालवणी माणूस न विचारता सल्ला देत नाही असं मी ऐकून होते. खोटं आहे. तो देतो, पण वेळ निवडून.

जीप काकांची. देवगड तालुक्यात, मिठबावच्या अलीकडे आमचं घर. (शेजारच्या गावाच्या नावातच मीठ आहे, तर आमच्या पत्र्यांनी काय अपेक्षा ठेवावी?) आमच्या आंब्याच्या पेट्या बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यासाठी काकांनी ती वापरलेली घेतली होती. आरसी बुकावर जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. काका गेल्यावर ती मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उभी राहिली. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. चुलत भावाने भंगारवाल्याला फोन केला, त्याने वजनावर भाव सांगितला, आणि तो आकडा ऐकून मी म्हटलं, मला द्या. मी शाळेत गणित शिकवते. पाना हातात धरायचा अनुभव सायकलपुरता.

उघडणं सोपं असतं. एप्रिलच्या सुट्टीत पंधरा दिवसांत खळ्यात जीपचे इतके भाग पसरले होते की वाळवणाला जागा उरली नाही. बॉनेट, मडगार्ड, काच, सीटा, ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी, स्प्रिंगचे पाटे, मग इंजिन. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या करवंटीत, करवंटीखाली चिठ्ठी. चौतीस करवंट्या झाल्या. काकी बांगड्यांचं कालवण ढवळता ढवळता दारात येऊन बघून जायची. "ह्या सगळा परत लागतला मां?" एवढंच विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता आत जायची. मे महिन्यात वळवाचा पाऊस एका रात्रीत येऊन गेला. करवंट्या पाण्याने भरून तरंगल्या, उलटल्या, आणि चिठ्ठ्या विहिरीकडे वाहत गेल्या. पुढचे आठ दिवस मी आणि काकी खळ्यातले बोल्ट तांदळातल्या खड्यांसारखे निवडत होतो.

त्या बोल्टांनी मला माझाच विषय शिकवला. ते सगळे इंची. बाजारातले पाने मिलिमीटरचे. नऊ छेद सोळा इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना त्यावर चढत नाही, पंधराचा चढतो आणि फिरतो, आणि फिरताना बोल्टाची मुंडी गोल करून ठेवतो. अपूर्णांकांचा उपयोग काय, असं सातवीतली मुलं दरवर्षी विचारतात. यंदा मी एक गोल झालेला बोल्ट वर्गात घेऊन गेले. इंची पाने शेवटी अण्णांच्याच पेटीत निघाले.

गंजलेल्या बोल्टांवर काकीने उपाय काढला. गणपतीआधी ती तांब्या-पितळेची भांडी कोकमाने लख्ख करते, मग लोखंड का नाही? बादलीभर पाण्यात तिने आमसुलं टाकली, आम्ही बोल्ट बुडवले. दोन दिवसांनी गंज बोटाने निघत होता. पण धुऊन सुकवलेले बोल्ट दुसऱ्या सकाळी पुन्हा तांबूस! आमसुलं मिठाची होती. मग बिनमिठाची सालं घेतली, बोल्ट काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवले, पुसले आणि लगेच तेल लावलं. ते आजतागायत काळे आहेत. आंबटाने गंज विरघळतो, पण मीठ मागे राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढून नवा गंज तयार करतं. समुद्रावरचा वारा हेच काम बारा महिने फुकट करत असतो.

गाडीच्या कुळाबद्दल थोडं सांगते, नाहीतर जीपवेडे वाचक रागावतील. विलीज या अमेरिकन कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात जगभर फिरली. महिंद्राने १९४९च्या सुमारास मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. आमची त्यानंतरच्या मॉडेलची, सीजे-३बी, जिला आपल्याकडे हाय बॉनेट म्हणतात. विलीजने हे मॉडेल १९५३ साली काढलं. बॉनेट उंच का, तर आतल्या इंजिनाने माळा चढवला म्हणून. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह, मिश्रण आत घेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात राहायचे. या हरिकेन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तळघरातच राहिला आणि इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात राहायला गेला. चार सिलिंडर, २,१९९ सीसी, ठिणगी पडण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. आमच्या भागातल्या बहुतेक जीपांची पेट्रोल इंजिनं कधीच निघाली आणि डिझेल बसली. काकांनी बदललं नाही. ते आवाजाला कंटाळायचे असं ते म्हणत. पैसे नव्हते असं काकी म्हणते.

ब्लॉक टेम्पोत घालून फोंडा घाटाने कोल्हापूरला, उद्यमनगरात गेला, बोअर होऊन, म्हणजे सिलिंडर आतून तासून, परत आला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पैसे लागले.

सांगण्यासारखं आहे ते इंजिनाच्या आसपासचं. गाडी उघडत गेले तशी तिच्यात काकांपासून कुणाकुणाचे हात सापडत गेले. बॉडी आणि चॅसिसच्या मधला रबरी पॅड कधीतरी चुरला असणार. त्याच्या जागी किंजळीच्या लाकडाचा ठोकळा, नीट रंधून बसवलेला. पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कडीत, शॅकलमध्ये, टायर कापून केलेली चकती. ॲक्सिलरेटरच्या दांडीचा एक तुकडा म्हणजे सायकलची आरी. ड्रायव्हरच्या पायाखाली रॉकेलच्या डब्याचा पत्रा, रिबिटा मारून. रेडिएटरला गळती बुजवायला दिलेले डाग इतके की मूळचं तांबं शोधावं लागलं. आणि हेडवरून पाणी बाहेर पडतं तिथलं गास्केट, म्हणजे जोडातून पाणी गळू नये म्हणून मध्ये घातलेली चकती, काढलं, तर तेलाने पिवळ्या पडलेल्या जाड कागदावर उलटी अक्षरं दिसली. उन्हात धरून वाचली: 'चि. सौ. कां.' पुढचं पाण्याच्या भोकात गेलेलं. काकीने ते हातात घेतलं, बोटाने पुसलं आणि म्हणाली, "ही तुझ्या आतयेची पत्रिका." आत्याच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तितकी वर्षं ती पत्रिका इंजिनाचं गरम पाणी अडवून बसली होती.

माझा पुण्याचा एक मित्र जुन्या जीपा जमवतो. त्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर तात्काळ: हे सगळं फेकून दे, ओरिजिनल पार्ट मागव, वर ऑलिव्ह ग्रीन मार. या हिरव्या रंगाचा मला राग आहे. ज्या जीपने आयुष्यात हापूसच्या पेट्यांखेरीज काही वाहिलं नाही, तिच्या बॉनेटवर पांढरा अमेरिकन तारा काढून तिला युद्धावर कशाला पाठवायची? मित्र म्हणाला, निदान व्हिंटेज म्हणून नोंदव. २०२१ साली मोटार वाहन नियमांत तशी सोय झाली आहे: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, वेगळा नंबर, त्यात 'व्हीए' अक्षरं. वाचून बघितलं. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. ठीक. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठी. म्हणजे काकीला घेऊन मिठबावच्या बाजारात सुकट आणायला गेले तर गुन्हा. त्यापेक्षा आहे तीच नोंदणी बरी.

आणि 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कोणतं, हे मी रंग खरवडताना शोधत होते. वरचा थर निळा. त्याखाली निळा. त्याखाली आणखी निळा. नऊ थर मोजले, मग कंटाळले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांना रंग लावतात. त्यातला उरलेला रंग अण्णा काकांना द्यायचे, आणि काका तो ब्रशने जीपला फासायचे, दरवर्षी, वर फुगे आले तरी. खालून तारलीचं तेल, होडीला लावतात तेच. लहानपणी जीपमध्ये बसलं की माशाचा वास यायचा, आणि ती उभी असली की खाली तीन-चार मांजरं निजलेली असायची. मला शाळेत त्या गाडीतून उतरायची लाज वाटे. आता खरवडल्यावर काय दिसलं? त्या खडबडीत निळ्याखाली पत्रा जवळजवळ नव्यासारखा. सडला होता तो जिथे ब्रश पोचला नाही तिथेच: टूलबॉक्सच्या मागे, चॅसिसच्या खोबणीत जिथे बागेतली तांबडी माती वर्षानुवर्षं ओली राहिली तिथे. मित्राच्या भाषेत काकांनी गाडीची वाट लावली होती. त्याच वाटेने ती इथवर आली.

म्हणून काही गोष्टी ठेवल्या. किंजळीचा ठोकळा ठेवला, त्याला काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. रॉकेलचा पत्रा काढला, कारण पायाला लागायचा, आणि ब्रेकचं सगळं नवं घातलं, तिथे कसली हौस नको. आरी ठेवावी की नाही यावर अण्णांशी दोन संध्याकाळी वाद झाला आणि मी हरले, आरी गेली. तारलीचं तेल मात्र लावलं. मांजरं परत आली. रंग निळाच दिला. अण्णांनी अर्धा डबा दिला, या वेळी न मागता.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी सगळं जुळलं, फक्त हेडवरचं ते एक गास्केट राहिलं. आणलेल्या संचातलं बसवताना फाटलं, आणि दुकान कणकवलीला. घरात शोधलं. कपाटात एकच जाड पत्रिका सापडली, चुलत भावाच्या मुलीची, सोनेरी वेलबुट्टीची. ती फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या सपाट कडेवर धरली, छोट्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत गेले तसा आकार उमटत गेला. भोकं पाडली, ग्रीस लावलं, बसवली. हँडल अण्णांनी मारलं, मला मारू दिलं नाही. चौथ्या फिरक्याला गाडी खोकली, सहाव्याला धरली. कोंबड्या पळाल्या. काकी ओल्या हातांनी बाहेर आली आणि काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि गास्केटच्या कडेला पाण्याचा एक थेंब जमला. जमला, पडला, पुन्हा जमला. अण्णांनी बोट लावून बघितलं.

"कागद पातळ असा. आतयेची बरी होती."

मी म्हटलं, पुढच्या लग्नाची जाड बघून ठेवते.

"आता पत्रिका व्हॉट्सॲपार येतत," अण्णा म्हणाले. "गास्केट कसली करतलंस?"