स्वस्तात मिळालेला माणूस

कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीतल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात दुपारची वेळ काढत होते. घ्यायचं काही नव्हतं. अशा दुकानांत घ्यायचं काही नसतानाच जावं. मुलांचे स्नोसूट, कुणाच्या तरी आजोबांचे जाडजूड कोट, आणि त्यांच्या दाटीत लटकलेली निळी जर्सी, आमच्या आइस हॉकी संघाची, म्हणजे व्हँकुव्हर कनक्सची. पाठीवर १४ आणि वर नाव, बरोज. एका अक्षराची शिवण उसवली होती. काउंटरवरच्या आजीबाईंनी मला ती हातात धरलेली पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "फार गुणी पोरगा. आणि केवढ्या स्वस्तात मिळाला होता आम्हाला!"

जणू त्याचा पगार यांच्याच पर्समधून जायचा. पण त्यांना एकट्यांना काय हसायचं! या गावात ज्याला ज्याला ॲलेक्स बरोज आवडतो, तो दुसऱ्याच वाक्यात पगारावर येतो. आमच्या घरातही तेच. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात दोन देव होते, एक देव्हाऱ्यातला गणपती आणि दुसरे टीव्हीवरचे कनक्स. शेजारच्या सरदारजींकडे शनिवारी हीच मॅच पंजाबी कॉमेंट्रीसकट चालायची. ती मला जास्त कळायची, म्हणून मी भाजी निवडायला तिकडे जाऊन बसायचे. ऑफसाइड म्हणजे काय ते मला पंजाबीतूनच समजलं, आणि बरोजही तिथेच भेटला.

हा क्यूबेकमधल्या पँकूर या लहान गावचा. एनएचएल म्हणजे इथली सगळ्यात वरची हॉकी लीग. तिचे संघ दर उन्हाळ्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. तेव्हा त्याच्या नऊ फेऱ्या व्हायच्या आणि अडीचशेच्या वर नावं पुकारली जायची. १९९९ साली दुसरं आणि तिसरं नाव होतं डॅनियल आणि हेन्रिक सेदिन या स्वीडिश जुळ्यांचं, आणि दोघांनाही व्हँकुव्हरने उचललं. बरोजने त्याच वर्षी अठरा पुरी केली होती. त्याचं नाव त्या अडीचशेत नव्हतं. पुढच्या वर्षी नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं.

आमच्या मिरजेच्या गल्लीतला ड्राफ्ट दोन मिनिटांत उरकायचा. दोन कप्तान, समोर भिंतीला टेकून उभी पोरं, "मला हा", "मला तो". ज्याच्या घरची बॅट त्याला पहिल्या फेरीत मान. शेवटी मी आणि एक चष्मेवाला उरायचो. त्याला निदान चष्मा आहे म्हणून घेत, बॉल हरवला तर शोधायला. मी लिंबू-टिंबू, म्हणजे दोन्हीकडून फील्डिंग आणि बॅटिंग अंधार पडल्यावर. त्यामुळे न निवडलेल्यांबद्दल मला जन्मजात आस्था आहे.

न निवडलेला बरोज मग अमेरिकेच्या दक्षिणेत गेला. ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया. तिथल्या लोकांनी बर्फ पाहिलेला असतो तो सरबताच्या ग्लासात. एनएचएलच्या खाली दुसरी लीग, तिच्याही खालची ही तिसरी. आठवड्याला काहीशे डॉलर आणि बसमध्ये काढलेल्या रात्री. उन्हाळ्यात बर्फाचा पत्ता नसलेल्या कोरड्या मैदानावर साधे बूट घालून बॉल हॉकी खेळायचा, आणि त्या खेळात तो चक्क कॅनडाच्या राष्ट्रीय संघात होता. चेंडूवर देशात नाव आणि पकवर, म्हणजे बर्फावरच्या त्या रबरी चकतीवर, तिसऱ्या पायरीवर! तिथून मग दुसऱ्या लीगमधला मॅनिटोबा मूस हा संघ, आणि जानेवारी २००६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, व्हँकुव्हर.

सुरुवातीला त्याच्याकडे होती ती हमाली. आपला एक खेळाडू शिक्षा भोगायला पेनल्टी बॉक्समध्ये बसला की उरलेल्या चौघांत उतरायचं, अंगावर पक झेलायचे, समोरच्याला बोलून बोलून चिडवायचं. मग २००९ च्या सुमाराला त्याला त्या सेदिन जुळ्यांच्या शेजारी उभं केलं. दुसरा आणि तिसरा नंबर, आणि त्यांच्या बाजूला ज्याला नंबरच नाही असा हा. त्या हंगामात २८ गोल, पुढच्यात ३५. ते दोघे एकमेकांकडे न बघता पास द्यायचे. हा तिसरा त्यांच्या मनातलं कसं ओळखायचा हे सरदारजींच्या टीव्हीवरचा कॉमेंट्रीवालाही सांगू शकत नव्हता.

गोल झाला की पाठीवरच्या भात्यातून बाण काढल्यासारखं करायचा आणि आकाशात सोडायचा. मला आधी तो नुसता नखरा वाटला होता. ल्यूक बूर्दों नावाचा त्याचा संघातला एकवीस वर्षांचा मित्र मे २००८ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, आणि ही गोल साजरा करायची तऱ्हा त्या मित्राची होती.

आता पगार. २००९ साली त्याचा करार संपत होता. उन्हाळ्यापर्यंत थांबला असता तर सगळ्या संघांसाठी दार मोकळं होतं. हा थांबला नाही. चार वर्षांना ८० लाख डॉलर, म्हणजे वर्षाला २० लाख, अशी सही करून मोकळा झाला. त्याच उन्हाळ्यात सेदिन बंधूंना प्रत्येकी वर्षाला ६१ लाख मिळाले. (वीस लाख डॉलरवाल्याला गरीब म्हणताना जीभ अडखळते, माझीही अडखळते. पण शेजारच्याला किती, यावरच पगार मोठा की लहान ते ठरतं, हे पगारदार माणसाला सांगायला नको.) एनएचएलमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. त्या हंगामात ती ५ कोटी ६८ लाख होती. तेव्हा एकाने कमी घेतले की ते दुसऱ्यासाठी उरतात. म्हणून तर गावभर कौतुक. ३५ गोल, वीस लाखांत! जणू मंडईतून कुणी कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांत आणली आणि शेजारणींना दाखवत सुटली.

माझं डोकं फिरतं ते इथे. हे जे पुढचं वाक्य असतं ना, "आणि कधी तोंड उघडून मागितलं नाही," त्याची मला लहानपणापासून ॲलर्जी आहे.

अण्णा एका साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. गळीत हंगाम सुरू झाला की माणूस घरात फक्त झोपायला. ऊसबिलांच्या याद्या, पेमेंटचे दिवस, लोकांची तोंडं. वरची जागा रिकामी झाली तेव्हा अण्णांनीच ज्याला खतावणी कशी मारायची ते शिकवलं होतं, तो तिथे बसला. अण्णा त्याला "साहेब" म्हणायला लागले, अगदी मनापासून. मग एका वर्षी कारखान्याच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरला. आम्ही सगळे गेलो. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. हार झाले, शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या माणसाने इतक्या वर्षांत कधी तोंड उघडून काही मागितलं नाही." टाळ्यांचा कडकडाट. मीही जोरजोरात वाजवल्या, मला काय कळतंय! शेजारी आई पदर सारखा करत बसली होती. तिचे दोन्ही हात पदरातच होते.

भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन उघडलं तर आत सेल नव्हता. "सेलसुद्धा मागायला हवा होता," आई म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

अध्यक्षांचं ते वाक्य ती पुढे पाहुण्यांपुढे मोठ्या अभिमानाने सांगायची, आणि फीची तारीख आली की पुन्हा तेच सांगायची, तेव्हा सूर वेगळा असायचा. आमच्या सबंध लहानपणाचा हिशेब या दोन सुरांमध्ये कुठेतरी बसतो.

असो. बरोज.

तर तो म्हणतात तितका नम्र-बिम्र होता का? मला शंका आहे. जानेवारी २०१० मध्ये लागोपाठ दोन सामन्यांत हॅट्ट्रिक केल्यावर, त्याच आठवड्यात एका पंचाने आपल्यावर डूख धरून शिट्ट्या मारल्या असं त्याने पत्रकारांना उघड सांगितलं, आणि २५०० डॉलर दंड भरला. पगारासाठी न उघडलेलं तोंड असं भलतीकडे उघडायचं. २०११ च्या अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याने बोस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनचं बोट चावल्याचा आरोप झाला. लीगने कारवाई केली नाही, पण बोस्टनमध्ये आजही "गुणी पोरगा" म्हणून बघा! दुसऱ्या सामन्यात याने ओव्हरटाइमच्या अकराव्या सेकंदाला गोल मारून सामना खिशात घातला. तो चषक शेवटी बोस्टननेच नेला आणि आमच्या गावात लोकांनी गाड्या जाळल्या, तो विषय नको.

त्यापेक्षा त्याच वर्षीची, त्या अंतिम फेरीच्या आधीची, २६ एप्रिलची रात्र. शिकागोने कनक्सना आधीची सलग दोन वर्षं घरी पाठवलेलं. या वेळी सात सामन्यांच्या मालिकेत कनक्स तीन-शून्यने पुढे, आणि मग तीन-तीन. सातवा सामना. पहिला गोल बरोजचा. नंतर पेनल्टी शॉट मिळाला, तो हुकला. सामना संपायला दोन मिनिटं राहिली असताना शिकागोने बरोबरी केली. ओव्हरटाइम सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं, तोच या पठ्ठ्याने समोरच्याला धरून ठेवलं आणि दोन मिनिटांसाठी बाहेर. नवऱ्याने सोफ्याच्या उशीत तोंड खुपसलं. आता हरलो असतो तर सगळं खापर त्याच्याच डोक्यावर. बाहेर आला, आणि पाच मिनिटं बावीस सेकंदांवर शिकागोच्या बचावपटूने बाहेर उडवलेला पक हवेतच हाताने खाली घेतला आणि मारला. शेजारून सरदारजींची आरोळी भिंतीतून आली. नवरा रडत होता. मी कणीक भिजवत होते, त्याच हातांनी त्याला मिठी मारली, शर्टावर पांढरे पंजे.

त्या रात्री पगार कुणाच्या डोक्यात नव्हता, एवढं मात्र मी देवाशपथ सांगते.

२०१२ मध्ये त्याला नवा करार मिळाला. वर्षाला ४५ लाख. तो लागू झाला त्या हंगामात आधी पाय मोडला, मग जबडा. ४९ सामने, ५ गोल. आणि हळूहळू बोलणी बदलली. "पैशाच्या मानाने काय करतो?" "याला काढून टाकलेलं परवडेल." माणूस तोच होता, अंगावर पक तसेच झेलत होता, तोंडाला जाळी लावून खेळत होता. आमच्या सोफ्यावरूनही असली वाक्यं ऐकली मी. नवऱ्याला म्हटलं, तुझं अप्रेझल झालं तेव्हा मी हिशेब मागितला होता का? तो म्हणाला, हॉकीत तसं नसतं. असेल बुवा. २०१७ च्या फेब्रुवारीत बरोजला ओटावाला पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तो परत आवडायला लागला. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याचं नाव समारंभपूर्वक स्टेडियममध्ये वर लावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीच तोंडं असणार, दुसरी कुठून आणणार?

लोकांना नावं ठेवायचा मला काय अधिकार म्हणा. आमच्या मिरजेच्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशींचं आम्ही सगळे असंच कौतुक करायचो. कधी पगार वाढवून मागितला नाही, अशी बाई मिळणार नाही, वगैरे. यात आईसुद्धा होती, आणि ती तर मागितलं नाही की काय होतं ते जाणून होती.

एकदा, मी नोकरीला लागल्यावर, अण्णांना विचारलं होतं. का नाही मागितलं? पेपर बाजूला न करता ते म्हणाले, "मागितलं असतं आणि दिलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी कसा बसलो असतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोजने २००९ मध्ये ती सही करताना मनात काय धरलं होतं, मला माहीत नाही. गाव आवडलं असेल, किंवा तिसऱ्या लीगमधल्या बसची आठवण आली असेल. त्याच्यापुढे तीन वर्षांनी दुसरा कागद आला. अण्णा त्याच पगाराच्या हिशेबाने पेन्शनीत निघाले, आणि हजार रुपयांच्या आसपास पेन्शन घेत गेले. आई अजून घेते.